थिबा पॉईंट बघून होईपर्यंत गाडी फास्ट चार्जरला लावून ठेवावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मे महिन्याच्या शेवटी पुण्याहून रत्नागिरी आणि गणपतीपुळे, सोबत आई-वडील, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. गाडी इलेक्ट्रिक, बॅटरी 40 युनिटची. जाताना ताम्हिणी, माणगाव, महाड, चिपळूण असा रस्ता. रत्नागिरीत पोचल्यावर गाडी फास्ट चार्जरला लावायची आणि ती चार्ज होईपर्यंत जिजामाता उद्यान, थिबा पॉईंट आणि थिबा राजवाडा असं तीनेक तास निवांत बघून यायचं. हे जमेल का, गाडी तशी सोडून गेलं तर चालेल का, आणि गणपतीपुळ्याच्या होम-स्टेवर साध्या प्लगवर रात्रभर चार्ज करणं सुरक्षित आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी रत्नागिरीत वायरिंगची कामं करतो. अलीकडे घरं, लॉज आणि होम-स्टे यांच्याकडे गाड्यांसाठी चार्जिंग पॉईंट बसवून देण्याचं काम जास्त असतं, आणि माझी स्वतःची गाडीही इलेक्ट्रिकच आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

आधी सरळ उत्तर. रत्नागिरीत तीन काय, चार तास काढा, पण त्या वेळात गाडी फास्ट चार्जरला अडकवून ठेवू नका. फास्ट चार्जरवर थांबायचं ते जेवणापुरतं. लांबची भटकंती करायची ती एकतर गाडी सोबत घेऊन, नाहीतर गाडी संथ चार्जरला लावून. आणि कोकणात खरं चार्जिंग होतं ते रात्री, मुक्कामाच्या ठिकाणी. तुमची अख्खी ट्रिप त्या साध्या प्लगवर अवलंबून आहे, म्हणून त्याबद्दल खाली जास्त लिहिलंय.

हिशोब असा. तुमची बॅटरी 10 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर न्यायची म्हणजे 28 युनिट भरायची. (युनिट म्हणजे लाइटबिलावर असतं तेच.) या आकाराच्या गाड्यांना फास्ट चार्जरवर याला पाऊण ते एक तास लागतो. मशीनवर 60 किलोवॅट लिहिलेलं असलं, तरी त्याच्या दोन्ही गन (केबलच्या टोकाला गाडीत खुपसायचे प्लग) चालू असतील तर बऱ्याच ठिकाणी ते 30-30 असं वाटलं जातं. उन्हात महामार्गावरून तापून आलेली बॅटरी सुरुवातीला कमी वेगानं घेते. आणि 80 च्या पुढे तर गाडी स्वतःच वेग उतरवते. शेवटच्या 20 टक्क्यांसाठी पुन्हा तेवढाच वेळ जाऊ शकतो, म्हणून प्रवासात 80-85 ला गन काढून निघणं हेच शहाणपणाचं.

म्हणजे तुम्ही तीन तासांनी परत याल तेव्हा गाडी निदान तास-दीड तास नुसती उभी असेल. गन गाडीत लॉक असते, ती दुसऱ्याला काढता येत नाही. पुण्यात याचं फार बिघडत नाही, कारण दोन किलोमीटरवर दुसरा चार्जर असतो. आमच्याकडे पुढचा चार्जर 40 किलोमीटरवर असू शकतो. मे महिन्याच्या शनिवार-रविवारी हे कायम बघायला मिळतं: पूर्ण भरलेली गाडी गन लावून उभी, मालक समुद्रावर, फोन लागत नाही, आणि मागे एखादं कुटुंब लहान मूल घेऊन 8 टक्क्यांवर ताटकळलेलं. काही चार्जर कंपन्या चार्जिंग संपल्यावर गाडी तिथेच राहिली तर जादा पैसेही लावतात, पण पैशांपेक्षा त्या मागच्या कुटुंबाचा विचार करा. फास्ट चार्जरवर असताना तुमच्यापैकी गाडी चालवू शकणारं एक माणूस पाच मिनिटांत परत येऊ शकेल एवढ्याच अंतरावर असावं. आणि मोबाईल नंबर ठळक अक्षरांत लिहून काचेच्या आत ठेवा. साधी गोष्ट आहे, पण तेवढ्यानं अर्धी भांडणं टळतात.

दुसरी अडचण भूगोलाची. कोकणात चार्जर आहेत ते बहुतेक महामार्गाला लागून, हॉटेलांत आणि पेट्रोल पंपांवर. बघायचं सगळं आहे किनाऱ्यावर. हातखंब्याला महामार्ग सोडला की रत्नागिरी शहर बारा-तेरा किलोमीटर आत. निवळी फाट्यावरून गणपतीपुळं तीसेक किलोमीटर. त्यामुळे 'चार्जरवरून उतरलो आणि चालत बागेत गेलो' असं जुळून येणं आमच्याकडे विरळाच. शहरातला चार्जर आणि थिबा पॉईंट यांत रिक्षानं दहा-पंधरा मिनिटं धरा. आई-वडिलांना मेच्या उन्हात तेवढं चालवणं योग्य नाही, आणि रत्नागिरीचे रस्ते चढउताराचे आहेत.

मग तीन तास सत्कारणी कसे लावायचे? दोन मार्ग आहेत, आणि कोणता घ्यायचा हे तुमच्या वेळापत्रकावर ठरेल.

पहिला मार्ग म्हणजे चार्जिंग आणि फिरणं वेगळं करायचं. हातखंब्याच्या आसपास किंवा शहरात शिरताना, जिथे चार्जर चालू असेल तिथे पाऊण तास थांबा, तिथेच जेवा, आणि भरलेली गाडी घेऊन थिबा पॉईंटला जा. मग तिथे कितीही वेळ बसा, घड्याळ बघायला नको. मला स्वतःला हाच मार्ग पटतो, विशेषतः वयस्कर माणसं सोबत असताना, कारण गाडी हाताशी असते. मध्येच कुणाला बरं वाटेनासं झालं तर निघता येतं.

दुसरा मार्ग संथ चार्जरचा. शहरातल्या काही हॉटेलांत 7 किलोवॅटचे चार्जर असतात. तुमची गाडी 7.2 किलोवॅट घेत असेल (माहितीपुस्तिकेत ऑनबोर्ड चार्जरचा, म्हणजे गाडीतच बसवलेल्या चार्जरचा आकडा बघा, काही गाड्या 3.3 च घेतात) तर तीन तासांत 20 युनिट भरतात, म्हणजे निम्मी बॅटरी. तुमच्या डोक्यात आहे ती योजना इथे तंतोतंत बसते. हॉटेलात आधी फोन करा, पाहुणा नसलेल्याला लावू देतात का ते विचारा, तिथेच जेवा आणि रिक्षा करून फिरून या. संथ चार्जरवर तीन तास गाडी असणं हे कुणालाच अडचणीचं नाही, तो त्यासाठीच असतो.

आता जागेबद्दल, कारण तीन तास कुठे कसे घालवता यावरही बरंच अवलंबून आहे. दुपारी राजवाडा, संध्याकाळी पॉईंट, हा क्रम ठेवा. ब्रिटिशांनी 1885 साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा त्याच्यासाठी 1910 मध्ये बांधून झाला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. म्हणजे रत्नागिरीत 30 वर्षं काढली, त्यातली शेवटची जेमतेम सहा या वाड्यात. जांभ्याचं बांधकाम, सागवानी लाकूड, वरच्या मजल्यावरच्या अर्धगोल खिडक्या. मुलीला त्या खिडक्यांशी नेऊन समुद्र कुठल्या दिशेला आहे ते ओळखायला सांगा. आत संग्रहालय आहे, आणि सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा वार बघून या.

उन्हं उतरली की जिजामाता उद्यानात जा, थिबा पॉईंट तिथेच आहे. तिथल्या कठड्यावरून खाली काजळी नदीची भाट्याची खाडी दिसते, खाडीवरचा पूल, पलीकडे सुरूचं बन, आणि नदी समुद्राला मिळते ते मुख. संध्याकाळी होड्या आत येताना दिसतात. वडिलांना बाकावर बसवून हे सगळं निवांत दाखवता येतं. त्याऐवजी दुपारचं ऊन फारच लागलं तर झाडगावचं मत्स्यालय आहे, तिथे देवमाशाचा अवाढव्य सांगाडा ठेवलाय, लहान मुलं त्याच्यापाशीच रेंगाळतात. टिळकांचं जन्मस्थान टिळक आळीत आहे, तेही अर्ध्या तासाचं काम.

मुंबईहून येणाऱ्यांसाठी एक वाक्य: कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य महामार्गालगतच आहे, पण ते पनवेल सोडल्या सोडल्या लागतं, तेव्हा बॅटरी भरलेलीच असते. तिथे चार्जिंगचा विचार करायचं कारणच नाही. तसंच मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्याचं. जंगलात जायचं ते पुरेशी बॅटरी घेऊन, तिथे चार्जर शोधत बसू नये.

आता होम-स्टेचा प्लग. हा भाग नीट वाचा.

साधा प्लग म्हणजे 15 अँपियरचा, जाड पिनांचा. टीव्हीचा किंवा मोबाईलचा छोटा सॉकेट या कामाचा नाही, त्याला अडॅप्टर लावूनही नाही. मोठ्या प्लगवर गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर साधारण 3 किलोवॅट ओढतो. मी तुम्हाला तो 10 अँपियरवर उतरवायला सांगेन, बऱ्याच गाड्यांत किंवा चार्जरवर तशी सोय असते. 10 अँपियरवर 2.3 किलोवॅट होतात, रात्रीच्या नऊ तासांत 20 युनिट ओढले जातात, त्यातले 18 बॅटरीत पोचतात. किनाऱ्याच्या रस्त्यांवर तुमच्या गाडीला युनिटमागे साडेसहा किलोमीटर धरले तरी हे शंभरावर किलोमीटर झाले. गणपतीपुळं, मालगुंड, आरे-वारे, जयगड असं दिवसभर फिरायला एवढं पुरून उरतं. जास्त घाई करून सॉकेट तापवण्यात काही हशील नाही.

तापण्याचं का सांगतो ते बघा. किनाऱ्याजवळच्या एका होम-स्टेवर पाहुण्यांची गाडी रात्री आपोआप चार्जिंग बंद करते अशी तक्रार होती, म्हणून मला बोलावलं. मी सॉकेटची प्लेट उघडली. न्यूट्रलच्या पितळी टर्मिनलवर खाऱ्या हवेनं हिरवा थर चढला होता, स्क्रू हातानं फिरेल इतका ढिला, आणि तिथे आलेल्या वायरचं आवरण बोटभर लांबीपर्यंत तपकिरी होऊन काचेसारखं कडक झालं होतं. वाकवलं तर तुकडे पडत होते. वायर होती बारीक, दीड एमएमची, खोलीतल्या पंख्याच्या लाइनवरून ओढलेली. मालकांचा यात काही वाईट हेतू नव्हता. त्या सॉकेटवर आजवर इस्त्री चालत होती, दहा मिनिटं चालायची आणि बंद व्हायची. गाडी नऊ तास सलग ओढते, फरक तिथे पडतो. गाडीनं तापमान ओळखून चार्जिंग थांबवलं म्हणून निभावलं.

त्यामुळे बुकिंग करताना फोनवर विचारा: गाडीसाठीचा सॉकेट मेन बोर्डावरून वेगळ्या वायरनं आणलाय का? चार एमएमची जाड वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट गेला की बंद होणारा स्विच) आणि ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर उत्तम. अडीच एमएमवर 10 अँपियर चालून जातं. सॉकेट पार्किंगपासून किती लांब आहे तेही विचारा, कारण चार्जरची केबल पाचेक मीटरची असते. एक्स्टेन्शन बोर्ड लावून भागवू नका, आणि गुंडाळलेली रीळ तर अजिबात नको, ती वेटोळ्यातच तापते. शक्य असेल तर सॉकेटचा फोटो मागवून घ्या. काळवंडलेलं भोक फोटोतही कळतं. चार्जिंग सुरू केल्यावर अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघा. कोमट लागला तर हरकत नाही, हात ठेववत नसेल किंवा प्लॅस्टिकचा वास येत असेल तर लगेच बंद.

मग अर्थिंग. पोर्टेबल चार्जर लावल्यावर लाल दिवा लागला आणि गाडी चार्ज होईना, तर आमच्याकडे दहातल्या बहुतेक वेळा कारण अर्थिंग हेच असतं. जमीन जांभ्याची आहे. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही, आणि मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा आतून ठणठणीत कोरडा असतो. कोरड्या जांभ्यातून करंट जमिनीत नीट उतरत नाही, आणि चार्जरला ते कळतं. यावर बऱ्याचदा साधा उपाय लागू पडतो: मालकांना अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते विचारून त्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतायला सांगा, तासाभरानं पुन्हा लावून बघा. मल्टिमीटर असेल तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. 20-30 व्होल्ट दाखवत असेल तर त्या सॉकेटवर गाडी लावू नका.

आणि एक गोष्ट कधीही करू नका, कुणीही कितीही खात्रीनं सांगितली तरी. लाल दिवा घालवण्यासाठी प्लगच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देणारे लोक आहेत, तसे तयार तुकडेही मिळतात. दिवा जातो, गाडी चार्ज होते, आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला (आणि वर सांगितलेल्या हिरव्या टर्मिनलवर तो तुटतोच), तर 230 व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर येतात. अंगण ओलं, पायात चप्पल नाही, आणि मुलीनं दाराला हात लावला. मला यापेक्षा जास्त लिहायची गरज वाटत नाही. लाल दिवा आला आणि पाणी ओतूनही गेला नाही, तर त्या रात्री चार्जिंग करायचं नाही, एवढंच.

लोडचाही विचार हवा. छोट्या होम-स्टेचं कनेक्शन बहुधा सिंगल फेजचं असतं. संध्याकाळी सात ते अकरा सगळ्या खोल्यांचे एसी चालू, कुणाचा गीझर चालू, त्यात तुमची गाडी. व्होल्टेज 190 पर्यंत उतरतं, एसी घरघरायला लागतात, चार्जर बंद पडतो आणि शेवटी मेनच ट्रिप होतो. गाडी रात्री अकरानंतर सुरू होईल असं टायमर लावा. शेजारच्या खोलीतल्या लोकांची झोप मोडणार नाही, तुमचंही चार्जिंग अखंड होईल.

पैशांचं आधी ठरवा. वेगळा मीटर असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर गाडीच्या स्क्रीनवर किंवा ॲपवर किती युनिट गेले ते दिसतं, त्यात वाया जाणारे दहा टक्के मिळवून हिशोब करा. 'खोलीच्या भाड्यातच आलं ना' असं म्हणू नका. पर्यटक फुकट वीज मागतात म्हणून गाड्यांना सॉकेटच न देणारे मालक मला माहीत आहेत, आणि नीट पैसे मिळाल्यावर पुढच्या हंगामाला चार एमएमची स्वतंत्र लाइन टाकून घेणारेही माहीत आहेत. पुढच्याला सोय मिळते ती अशीच.

तुम्ही मेच्या शेवटी येताय म्हणून आणखी एक. तेव्हा वळवाचे पाऊस सुरू होतात. संध्याकाळी वारा सुटतो, फांदी तारेवर पडते आणि लाइट जाते, कधी तासभर, कधी रात्रभर. महावितरणची माणसं रात्री-अपरात्री खांबावर चढतात, पण झाडं खूप आणि लाइन लांब, वेळ लागतोच. त्यासाठी नियम ठेवा: मुक्कामी पोचताना बॅटरी 30 टक्क्यांच्या खाली नको. गणपतीपुळ्याहून महामार्गापर्यंत यायला 5-6 युनिट लागतात, म्हणजे 15 टक्के. त्याच्या दुप्पट हाताशी असेल तर लाइट गेली तरी झोप लागते. विजा कडाडायला लागल्या तर प्लग काढून ठेवा. आणि गाडी सावलीला म्हणून माडाखाली लावू नका, नारळ पडून काच फुटते, टप खोल जातो. आंब्याखाली बरी.

आता तुमचा पूर्ण रस्ता या हिशोबात बसवून देतो.

पुणं समुद्रसपाटीपासून 560 मीटर उंचीवर आहे. तुमची गाडी पाच माणसं आणि सामानासकट 2 टन धरली, तर ती एवढी उंची चढवायला चढाचेच म्हणून 3 युनिट लागतात, म्हणजे सपाट रस्त्यावरचे वीस किलोमीटर. उतरताना याच्या उलट होतं. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीला सोडतात आणि त्या पडण्यातून वीज होते, तसंच गाडी घाट उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरीत वीज भरते. सगळी परत मिळत नाही, पण दोन-सव्वादोन युनिट मिळतात, आणि ब्रेक तापत नाहीत. म्हणून ताम्हिणीत रिजनरेशन (वीज अशी परत भरण्याची सोय) वरच्या पातळीवर ठेवा. पुण्याहून 100 टक्के भरून निघालात तरी घाट सुरू होईपर्यंत बॅटरीत जागा झालेली असते. आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर मुक्काम करून सकाळी 100 टक्क्यांनी लगेच उतरणाऱ्यांनी मात्र 90 ला थांबावं, नाहीतर वीज घ्यायला बॅटरीत जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

जाताना महाडपर्यंत 130-135 किलोमीटर. तिथे पोचताना निम्मी बॅटरी असेल. महाडच्या आसपास महामार्गावर पाऊण तास फास्ट चार्जिंग आणि नाश्ता. थोडा वेळ जास्त असेल तर चार्जिंग झाल्यावर गाडी घेऊन गावात चवदार तळं बघून या. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी जिथे पाणी प्यायलं ती जागा मुलांना दाखवावी अशी आहे. पुढे चिपळूणमार्गे रत्नागिरी साधारण 160 किलोमीटर, त्यात जेमतेम 25 युनिट जातील. रत्नागिरीत वर सांगितलेल्या दोन मार्गांपैकी एक. संध्याकाळी थिबा पॉईंटवरून निघून आरे-वारेच्या किनाऱ्यानं गणपतीपुळं 25 किलोमीटर. अंधार पडायच्या आत निघालात तर आरे-वारेचा रस्ता नजरेनंही बघून होईल.

चार्जर कुठले, त्यांची नावं मी मुद्दाम देत नाही. नवे लागतात, जुने बंद पडतात, आज लिहिलेली यादी तुमच्या ट्रिपपर्यंत शिळी होईल. दोन-तीन ॲप घरूनच डाउनलोड करा, पैसेही घरूनच भरून ठेवा, कारण वाटेत रेंज नसेल तर पेमेंट अडकतं. ॲपमध्ये चार्जर हिरवा दिसतो म्हणून विश्वासानं जाऊ नका. शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघा, आणि त्या हॉटेलला किंवा पंपाला फोन लावून विचारा. तिथला वॉचमन बरोबर सांगतो: आज लाइट आहे का, कुठली गन चालते, गर्दी किती.

परतीसाठी मी तुम्हाला ताम्हिणीऐवजी चिपळूणहून कुंभार्ली घाटानं कराड सुचवेन, पुढे पुणे महामार्गावर चार्जर भरपूर आहेत. यात वाटेत आणखी एक बागही बघून होते. सकाळी होम-स्टेवरून 90 टक्क्यांपुढे भरून निघा. चिपळूण 110 किलोमीटरच्या आसपास, तिथे निम्म्याच्या वर बॅटरी शिल्लक असेल आणि मोह होईल तसंच पुढे जायचा. जाऊ नका. समोर घाट आहे आणि चिपळूण ते कराड 100 किलोमीटरमध्ये भरवशाचा चार्जर मिळेलच असं धरून चालणं बरं नाही. चिपळूणला जेवा, तेवढ्यात 80-85 करून घ्या. मग घाट चढून कोयनानगरला नेहरू उद्यानात थांबा. समोर धरणाची भिंत, मागे डोंगर, मोकळी हवा, मुलीला पळायला हिरवळ. कोकणातल्या घामानंतर तिथे तास-दीड तास सहज जातो, आणि गाडी कुठेही न लावता नुसती पार्किंगमध्ये उभी असते. तिथून कराडपर्यंत रस्ता नदीकाठानं हळूहळू उतरत जातो, तुम्ही 15 युनिटच्या आसपास हातात ठेवून पोचाल. कराडला किंवा साताऱ्याला चहा घेताना एकदा भरलंत की रात्री जेवायला घरी.

तुमच्या गाडीचं मॉडेल आणि ऑनबोर्ड चार्जर 3.3 चा की 7.2 चा ते कळवा. 3.3 चा असेल तर रत्नागिरीतला संथ चार्जरचा मार्ग बाद होतो, तीन तासांत दहाच युनिट मिळतील. मग हातखंब्याला जेवायचं हे पक्कं धरा. आणि होम-स्टेवाल्यांनी सॉकेटचा फोटो पाठवला तर तोही इथे टाका, बघून सांगतो.